तुम्ही विचारलंत म्हणून: पोराला काय झालं होतं?

लग्नात, हळदीकुंकवात, भाजीच्या ठेल्यावर, कुठेही भेटा, प्रश्न एकच. "वैनी, पोराला काय झालं होतं? ऑनलाइन कोणाला दाखवून राहिले होते म्हणे?" आणि त्याच्या मागोमाग, नागपुरात काय डॉक्टर नाहीत का? आजवर "काही नाही, दहावीचं टेन्शन" म्हणून मी वेळ मारून नेली. पण त्या उत्तराने माझ्या मुलावर नसलेल्या आजाराचा शिक्का बसला, म्हणून आता नीट सांगते.

मुलाचं समुपदेशन झालंच नाही. तो एकदाही त्या स्क्रीनसमोर बसला नाही. समुपदेशन आमचं झालं, माझं आणि ह्यांचं. अजून सुरू आहे.

हे मला तेव्हा मुळीच पटलं नव्हतं. मी तक्रारींची यादी घेऊन बसले होते: नववीपासून बोलणं बंद, दार लावून बसतो, रात्री उशिरापर्यंत मोबाइल, क्लासला दांड्या, ताटावरून उठून जातो. समुपदेशक मॅडम त्याच्याशी बोलतील, त्याला चार गोष्टी समजावतील, एवढीच अपेक्षा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तो तयार नसेल तर त्याला ओढून आणू नका. तुम्ही दोघं या." माझा पारा चढला. ताटावरून उठून जाणार तो आणि शिकायचं आईने? खरं सांगते, हा प्रश्न मला आजही अधूनमधून टोचतो. तेव्हाची मी अगदीच चुकीची होते असं मी म्हणणार नाही.

ऑनलाइन का, याचं उत्तर सोपं आहे. ह्यांची नोकरी चंद्रपूरला, शिफ्ट ड्यूटी. धंतोलीतल्या एखाद्या क्लिनिकची वेळ घ्यायची तर ह्यांनी रजा टाकून दीडशे किलोमीटर यायचं, तेही दर आठवड्याला. ते होणार नव्हतं, आणि एकटी आई गेली की बापाची बाजू कायम तिच्याच तोंडून सांगितली जाते. मोबाइलवर मात्र हे तिकडून, मी मानेवाड्यातून, एकाच वेळी समोरासमोर. हे झालं एक कारण. दुसरं म्हणजे मला लोकांची भीती होती. धंतोलीत पाय ठेवला की कोणी ना कोणी ओळखीचं भेटतंच. आमच्याच नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी चारचौघांत म्हटलं होतं, "मग पागलखाना चौकातच न्या ना त्याला." पोरगा तिथेच उभा होता.

आता त्या दुपारबद्दल, कारण खरं उत्तर तिथे आहे.

पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं होतं, कुठे बसलात, घरात कोण आहे, तुमचं बोलणं कोणाला ऐकू जातं का. मी म्हटलं, कूलर सुरू असतो, काही ऐकू जात नाही. मे महिना, दुपारचे तीन, बाहेर लाही लाही. बेडरूमचं दार लावलेलं, कूलर फुल्लवर, कानात इयरफोन. सासूबाई हॉलमध्ये झोपलेल्या, मुलगा त्याच्या खोलीत. विषय होता काही दिवसांपूर्वीच्या ताटाचा. त्याने वरणभाताचं स्टीलचं ताट फेकलं होतं. ते माझ्या खांद्याजवळून जाऊन भिंतीवर आदळलं, भिंतीचा पोपडा निघाला. हे म्हणत होते, एवढं काय त्यात, वय आहे. मला रडू फुटलं. मी म्हटलं, "तुम्हाला सोपं आहे म्हणायला, तुम्ही तिकडे आहात. मला त्याच्यासोबत एकटीला राहायची भीती वाटते."

मधेच केव्हातरी लाइट गेली होती. कूलर बंद पडला होता. मोबाइलवर नेट सुरूच, कानात इयरफोन, म्हणून मला कळलंच नाही, आणि कूलरच्या वर आवाज चढवायची सवय झालेली, तेवढ्याच मोठ्याने मी ते वाक्य बोलले. शांत घरात.

दार उघडलं. हातात पाण्याची बाटली घेऊन तो उभा. "ताट तुला नव्हतं मारलं मी. भिंतीवर मारलं होतं." नुकताच फुटलेला घोगरा आवाज, आणि तो थरथरत होता. मी दचकून उठले, तशी इयरफोनची पिन मोबाइलमधून निघाली आणि मॅडमचा आवाज खोलीभर झाला: "ताई, आपण इथेच थांबू. तो काय म्हणतो ते ऐका. उत्तर देऊ नका." ते त्यानेही ऐकलं. माझ्या तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं. तो म्हणाला, "रोज नऊ वाजता बाबांचा फोन येतो. तू त्यांना माझं सगळं सांगते. मग ते सांगतात आणि तू माझ्या खोलीत येते. नऊ वाजत आले की माझं पोट दुखतं." मग दार लावून घेतलं. सासूबाई उठून बसल्या होत्या. "कोणाशी बोलून राहिली बाई तू दारं लावून?" एवढंच त्या म्हणाल्या.

त्यानंतर कितीतरी दिवस तो माझ्याशी बोलला नाही. हे रजा टाकून आले, त्यांच्याशीही नाही.

मॅडमनी आम्हाला एक वही ठेवायला सांगितली होती. भांडण झालं की लिहायचं: त्याच्या अगदी आधी काय घडलं, आपण काय केलं, पुढे काय झालं. मी ती कंटाळत भरत होते. त्या दुपारनंतर उघडून पाहिली, तर जवळपास सगळी भांडणं रात्री नऊनंतरची. तिकडून हुकूम सुटायचा, "मोबाइल काढून घे त्याचा", आणि इकडे मी तो बजावायची. आता नऊचा फोन ह्यांनी थेट मुलाला करायचा आणि अभ्यासाचं विचारायचं नाही, असं ठरलं. ह्यांना ते जमायला फार वेळ लागला. कधी दोन मिनिटं बोलतात, कधी मुलगा फोन उचलतच नाही. मोबाइलवरून कटकट आजही होते. ताट मात्र परत फेकलं नाही.

जवळची माणसं म्हणतात, लाइट गेली ते बरंच झालं, सगळं बाहेर आलं. मला हे मान्य नाही. आपल्या आईला आपली भीती वाटते, हे पंधराव्या वर्षी कोणत्याच मुलाने ऐकू नये. क्लिनिकमध्ये हे घडलं नसतं, तिथल्या भिंती आपल्या घराच्या नसतात. पण त्याने ऐकलं नसतं तर पोटात दुखतं हे तो कधी बोलला असता का, याचंही उत्तर माझ्याकडे नाही. आता मी मैत्रिणीच्या रिकाम्या फ्लॅटवर जाऊन बसते.

तुमच्यापैकी ज्या बाजूला घेऊन हळूच "नंबर द्या ना" म्हणतात, त्यांच्यासाठी. समोरची व्यक्ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. यात संकोच कसला? औषधं लिहून देणं मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचं काम. सांगितलेलं गुप्त राहतं, पण कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा मुलावर लैंगिक अत्याचार होत असेल तर नाही. पोक्सो, म्हणजे २०१२ च्या कायद्याने त्याची खबर द्यावीच लागते. आम्हाला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तुम्हाला नाही सांगितलं तर विचारा. फी परवडत नसेल तर टेलि-मानस ही फोनवरून समुपदेशन करणारी हेल्पलाइन आहे, १४४१६. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली ही मोफत सेवा रात्री-बेरात्रीही उपलब्ध असते, मराठीतही बोलता येतं. आणि मूल स्वतःला काही करून घ्यायचं बोलत असेल तर स्क्रीनसमोर बसू नका, त्याला एकटं न सोडता सरळ मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, गाठा.

ह्यांचं म्हणणं आहे, पोरगा आता बरा आहे, बंद करू. माझं म्हणणं, तो बरा-वाईट नव्हताच, आपलं शिकून व्हायचं आहे. यावर आमचं अजून एकमत नाही. येत्या शनिवारी मॅडमसमोर तोच विषय आहे.