सीटाइप्स जिंकलं, पण उत्तर चुकलं

लातूरच्या आडतीच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर. सोयाबीनचा ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की पट्टीत कपात लागते; ती काढणारं फंक्शन सी++मध्ये, बाकी सगळं पायथनमध्ये. पायथनमधून ते बोलावायला सीटाइप्स ठेवायचं की पायबाइंड११वर जायचं, यातलं वेगवान कोणतं, एवढंच आम्हाला मोजायचं होतं.

सकाळी दोन्ही जवळपास बरोबरीत होते. दुपारी दोघांचेही आकडे बिघडले आणि पायबाइंड पार मागे पडलं. मे महिना, त्यात लाइट गेलेली. लॅपटॉप बॅटरीवर गेला की प्रोसेसरचा क्लॉक, म्हणजे वेग, उतरतो, उन्हाने तापला की आणखी उतरतो. म्हणून चार्जर इन्व्हर्टरवर लावला, प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’वर ठेवला, आपोआप वेग चढवणारा टर्बो बंद केला, टास्कसेट कमांडने प्रोसेस प्रोसेसरच्या एकाच कोअरला बांधली. दोन्ही चाचण्या आलटून पालटून २० वेळा चालवून मध्यक घेतला. एक संपवून दुसरी लावली, तर तापलेलं मशीन दुसरीच्याच वाट्याला येतं.

आकडे स्थिरावले, पण पायबाइंड मागेच.

फरक डेटात होता. सकाळचा अ‍ॅरे (आकड्यांची रांग) फ्लोट६४, म्हणजे दर आकड्याला ८ बाइट; दुपारी मेमरी वाचवायला ४ बाइटचा फ्लोट३२ केलेला. पायबाइंडचा अ‍ॅरे प्रकार असा डेटा गुपचूप फ्लोट६४मध्ये बदलून घेतो: १० लाख आकड्यांचे ४ एमबी, आणि दर कॉलला ८ एमबीची नवी प्रत. सीटाइप्स मात्र पॉइंटर (डेटाचा मेमरीतला पत्ता) तपासत नाही. आम्ही पायथनच्या नमपाय लायब्ररीतल्या डेटा-अ‍ॅजने तो डबलचा, म्हणजे सी++मधल्या ८ बाइटच्या आकड्यांचा, म्हणून दिला होता. सी++ने दोन-दोन आकडे जोडून एकेक डबल वाचला आणि अ‍ॅरे संपल्यावरही पुढची मेमरी वाचत राहिलं. प्रोग्राम पडला नाही, हेच जास्त वाईट. एकूण कपात छापून पाहिली तर भलतीच संख्या! तोवर कुणी उत्तराकडे पाहिलंच नव्हतं.

आता सीटाइप्सच्या आर्गटाइप्समध्ये (फंक्शनला कोणत्या प्रकारचा डेटा चालेल ती यादी) अ‍ॅरेचा प्रकार तपासणारा नमपायचा एनडीपॉइंटर आहे, पायबाइंडमध्ये नोकन्व्हर्ट, म्हणजे प्रकार बदलायला मनाई. चुकीचा प्रकार आला की दोघेही एरर देतात.

मग रिकामं फंक्शन बोलावून नुसत्या ये-जा करण्याचा खर्च काढला. कॉलमागे ३०० नॅनोसेकंद धरले तरी १० लाख कॉलचे ०.३ सेकंद होतात. सगळा अ‍ॅरे एकाच कॉलमध्ये दिला की हा खर्च जवळपास उरतच नाही. त्यामुळे साधन बदललं नाही, पट्ट्या एकगठ्ठा पाठवायला लागलो. चाचणी आधी शुद्ध पायथनच्या उत्तराशी ताळा घेते, मगच घड्याळ सुरू करते.