म्वीलरे आणि पलीकडच्या काठावरचे वरंबे

शनिवार, वेस्टपोर्ट

रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि खिडकीबाहेर अजून उजेड आहे. जूनमध्ये आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर दिवस मावळायचं नाव घेत नाही. धाकटा भाऊ जेवला आणि लगेच झोपला. माझ्याही पोटऱ्या भरून आल्यात, पण आजचं आजच लिहायला हवं.

आज म्वीलरे चढलो. मेयो काउंटीतलाच नाही, अख्ख्या कॉनॉट प्रांतातला सगळ्यात उंच डोंगर. उंची ८१४ मीटर. आकडा ऐकून धाकटा म्हणाला होता, "ताई, आपली कळसूबाई याच्या दुप्पट आहे की गं!" आहेच, १,६४६ मीटर. पण तिच्या पायथ्याचं बारी गावच मुळात उंचावर वसलंय. इथे पहिलं पाऊल पडतं ते जवळजवळ समुद्राच्या पातळीवर, आणि मग एकेक मीटर स्वतःच्या पायांनी कमवावा लागतो. शिवाय कळसूबाईला वाट आहे, शिड्या आहेत, वर देवीचं देऊळ आहे. म्वीलरेला काहीच नाही. पाटी नाही, दगडावर मारलेला बाण नाही, बहुतेक ठिकाणी मळलेली वाटसुद्धा नाही. नकाशा, होकायंत्र आणि समोर दिसेल तो डोंगर, एवढ्यावर जायचं.

डू लॉख नावाच्या लांबट, काळ्या पाण्याच्या तळ्याच्या उत्तर टोकाला गाडी लावली. तिथे एक मेंढपाळ कुत्र्याला घेऊन मेंढ्या हाकत होता. काळ्या तोंडाच्या मेंढ्या, पाठीवर मालकाच्या खुणेचा निळा रंग. आम्ही कुठे निघालोय ते त्यानं विचारलं, वर पाहिलं आणि म्हणाला, "ढग खाली उतरला तर पूर्वेच्या कड्याजवळ थांबू नका. दिसेनासं झालं की आपण कुठे आहोत हे त्या कड्याला माहीत असतं, आपल्याला नाही." धाकट्यानं नंतर दोनदा ते वाक्य माझ्याकडून म्हणवून घेतलं.

पहिला तासभर नुसती दलदल. हजारो वर्षं कुजत, दाबत साठलेल्या वनस्पतींचा हा थर. वरून गवत दिसतं, पाय ठेवला की घोट्यापर्यंत थंडगार तपकिरी पाणी. हिरवंगार, मऊ शेवाळ दिसलं की तिथे पाय ठेवायचा नाही, हेदरची झुडपं शोधत जायचं, हे मी इथे आल्यावर शिकले. धाकटा सह्याद्रीत वाढलेला, त्याचा पाय दगड शोधतो, आणि इथे दगड नव्हता. एका ओल्या उंचवट्याजवळ तो एकदम खाली बसला. मला वाटलं, पाय मुरगळला. तर बोट दाखवून म्हणाला, "हे बघ, कास पठारावरचं!" दवबिंदू, किडे खाणारं रोपटं. नखाएवढी गोल लालसर पानं, कडेला केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, आणि एका पानात अडकलेलं चिलट अजून पाय हलवत होतं. जात वेगळी, पण कुळ तेच. कासच्या सड्यावरही मातीत कस नसतो, इथेही नाही. म्हणून दोन्हीकडे या झाडानं किडे खायला घेतले. आम्ही दोघं गुडघे टेकून बराच वेळ ते बघत बसलो. पाठीवर बारीक पाऊस पडत होता. इथला पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, तो अंगाला येऊन चिकटतो.

मग कूम डुव्ह. बर्फयुगातल्या हिमनदीनं डोंगराच्या पोटात कोरून काढलेली प्रचंड कढई, तिन्ही बाजूंनी काळे ओले कडे. खाली उभं राहून पाहिलं तर वर जायला जागा आहे यावर विश्वास बसत नाही. जागा आहे, एकच. कड्याच्या अंगावरून तिरपी चढत जाणारी गवताळ पट्टी, तिला इथले लोक रॅम्प म्हणतात. एका हाताला भिंत, दुसऱ्या हाताला दरी. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेची सवय असलेल्या माणसालाही इथे गप्प व्हायला होतं, कारण नळीत हाताला कोरडा कातळ मिळतो आणि इथे हातात ओलं गवत येतं. खडकही निराळा. आपला काळा पाषाण लाव्हाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. हा वाळूचा आणि गोट्यांचा, चाळीस कोटींहून कितीतरी अधिक वर्षांपूर्वी पाण्यानं आणून साठवलेला. भिंतीत मुठीएवढे गुळगुळीत गोटे जसेच्या तसे रुतून बसलेत. धाकट्यानं एकावर हात ठेवला आणि काही न बोलता पुढे निघाला.

माथ्यावर पोहोचलो तेव्हा ढग वर सरकला होता. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासमधला चहा. समोर अटलांटिक, त्यात इनिशटर्क आणि क्लेअर आयलंड. उत्तरेला क्रो पॅट्रिकचा सुळका, जिथे जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो भाविक चढतात, काही अनवाणी. दक्षिणेला खाली किलरी, डोंगरांमध्ये सुमारे १६ किलोमीटर आत घुसलेला समुद्र, आणि त्यात मसल नावाच्या शिंपल्यांच्या शेतीचे ओळीने तरंगणारे पिंप. त्याच्या पलीकडे ट्वेल्व्ह बेन्सचे राखाडी माथे. इतकं सुंदर, की बोलायचं सुचेना.

शेवटी धाकटाच बोलला. "ताई, इथे कुणीच राहत नाही का गं? एवढा चढलो, एक घर नाही, एक माणूस नाही. आपल्याकडे असं कुठे होतं? कुठल्याही पठारावर जा, धनगराचा वाडा असतो, ताक विचारणारी मावशी असते."

मी त्याला किलरीचा पलीकडचा काठ दाखवला. कालच आम्ही त्या काठानं चाललो होतो. फोहर नावाचं ओसाड गाव लागलं, छप्पर नसलेल्या दगडी भिंती, आणि त्यांच्या मागे उतारावर शेवटपर्यंत गेलेले समांतर उंचवटे. वरंबे. आपल्याकडे उसाला, हळदीला काढतात तसे, फक्त बटाट्याचे आणि कुदळीनं काढलेले. जमिनीवर शेणखत आणि समुद्रशेवाळ पसरायचं, बेणं ठेवायचं, दोन्ही बाजूंची माती त्यावर उलटायची. पावणेदोनशे वर्षांत त्यांच्यावर गवत वाढलं, पण ते बुजले नाहीत. इतक्या तिरक्या, इतक्या भिकार जमिनीत कोणी सुखासुखी शेत करत नाही. चांगली जमीन जमीनदारांच्या ताब्यात होती, म्हणून माणसं डोंगरावर सरकत गेली. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला, पुढची काही वर्षं तो जाईना, आणि जेवायला बटाट्याशिवाय दुसरं काहीच नव्हतं. त्याच वर्षांत इथून धान्य आणि गुरं जहाजांनी इंग्लंडला जातच राहिली. १८४१ च्या शिरगणतीत मेयोची लोकसंख्या ३ लाख ८८ हजार होती. दहा वर्षांनी २ लाख ७४ हजार. आज ती १ लाख ३८ हजारांच्या आसपास आहे.

इथल्या पर्यटनाच्या पुस्तिकांमध्ये या भागाला अस्पर्श, रानटी, निर्मनुष्य असं म्हणतात. मला आता तो शब्द सहन होत नाही. निर्मनुष्य असणं आणि निर्मनुष्य केलं जाणं यात फरक आहे, आणि या डोंगराचं कौतुक करताना मला तो फरक विसरायचा नाही. याचा अर्थ मला इथे आनंद झाला नाही असं मुळीच नाही. आज मी फार आनंदात होते.

उतरून गाडीशी आलो तेव्हा सात वाजून गेले होते. परतताना डू लॉखच्या खिंडीतल्या रस्त्यालगत एक साधा दगडी क्रूस आहे, तिथे थांबलो. ३० मार्च १८४९. लुईसबर्ग गावात शेकडो उपाशी माणसं जमली होती, मदतीच्या यादीत नाव राहावं म्हणून तपासणीला. दोन अधिकारी आले, पण तपासणी न करता तळ्यापलीकडच्या डेल्फी लॉजला मुक्कामी गेले आणि निरोप ठेवला, की सकाळी सात वाजता तिथे हजर व्हा, नाहीतर नाव कापलं जाईल. अंतर सुमारे १९ किलोमीटर. माणसं रात्रीतून, गारा आणि बर्फात, ओढे तुडवत निघाली. तिथून त्यांना रिकाम्या हातानं परत पाठवलं. सात प्रेतं रस्त्याकडेला सापडली आणि आणखी नऊ जण घरी पोहोचलेच नाहीत, असं तेव्हाच्या वर्तमानपत्रात छापून आलेल्या पत्रात आहे. लोकांच्या आठवणीत तो आकडा शेकड्यांत आहे.

क्रुसावर गांधीजींचं वाक्य कोरलंय. आपल्यासारख्याच माणसाला खाली बघायला लावण्यात कुणाला मोठेपणा कसा वाटू शकतो, अशा अर्थाचं. मेयोच्या खिंडीत, पावसात, गांधीजी. धाकट्यानं टोपी काढली.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "आजी बाहत्तरला हजेरीला जायची, आठवतं?" न आठवायला काय झालं. माण तालुक्यात, दुष्काळी कामावर खडी फोडायला. सकाळी मस्टरवर अंगठा, दुपारी पोरांना सुकडी, आठवड्याला पगार, रेशनला मिलो ही लाल ज्वारी, जिची भाकरी थापताना मोडायची. बोटाचं नख गेलेलं तिला शेवटपर्यंत परत आलं नाही. ती म्हणायची, हाल झाले, पण घरातलं कोणी गेलं नाही. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं अशा कामांवर होती. धाकट्याचं म्हणणं, दोन्हीकडे गरिबालाच चालायला लावलं, मग फरक तो काय? मी म्हटलं, फरक हाच, की आजीच्या मस्टरवरच्या अंगठ्याला पैसे मिळाले. तिला उन्हात बसवलं, लुबाडलंही असेल मुकादमानं, पण काम गावाजवळ काढावं लागतं आणि माणूस जगवावा लागतो हे सरकारला तेव्हा नाकारता आलं नाही. इथल्या सरकारला आलं. तो म्हणाला, "तू नर्स आहेस, तुला जगलेली माणसं मोजायची सवय आहे." बरोबर आहे त्याचं. मला तीच मोजणी महत्त्वाची वाटते.

वेस्टपोर्ट येईपर्यंत वाद मिटला नव्हता. जेवताना त्यानं फोनवर नकाशा काढला आणि लुईसबर्गपासून डेल्फीपर्यंतचा रस्ता मोजला. उद्या त्याला तो पायी जायचाय. सोमवारी सकाळी आठला माझी गॉलवेत ड्यूटी आहे, पण दिवस मोठा आहे. सकाळी सहाला निघू. डेल्फीहून परतीच्या टॅक्सीला फोन करून ठेवला, पायमोजे हीटरवर वाळत घातलेत.