वळवाच्या वादळात आडोसा कुठे घ्यावा: माझा अनुभव

मे महिन्यातली दुपार, मागे आई, आणि पुण्यात सिंहगड रस्त्यावर वळवाने गाठलं. आधी वारा पूर्ण पडला होता, पान हलत नव्हतं. मग एकदम गार वाऱ्याचा झोत अंगावर आला आणि स्कूटर हेलकावली.

तो गार झोत ओळखायला हवा. ढगात पावसाने गार झालेली जड हवा जोरात खाली येते, जमिनीवर आपटून चहूकडे पसरते आणि सरींच्या आधी आपल्यापर्यंत पोचते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा आधीपासून इशारे होते. वळीव एवढी सवड देत नाही. झोत लागला की हाताशी जेमतेम काही मिनिटं उरतात.

"अगं, त्या झाडाखाली घे, सगळे थांबलेत," आई म्हणाली. मी नाही म्हटलं. आपल्याकडचे गुलमोहर, सुबाभूळ बुंध्यापर्यंत काँक्रीटने आवळलेले. मुळांना धरायला माती कुठे आहे? त्यात विजा कडाडत होत्या, आणि झाडावर पडलेली वीज बुंध्यावरून शेजारच्या माणसावर उडी घेते. पुढे पंक्चरवाल्याची टपरी होती, पण वर भलंमोठं होर्डिंग. १७ एप्रिल २०२३ ला पिंपरी-चिंचवडजवळ किवळ्यात वाऱ्यापावसात होर्डिंग कोसळून पाच जण गेले, १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर सतरा. तिथे थांबायला माझं मन धजेना.

थोडं पुढे एका पक्क्या इमारतीचं फाटक उघडं दिसलं. वॉचमनकाका म्हणाले, "या ताई, आजींना आत घ्या." पार्किंगच्या कडेला न थांबता आम्ही जिन्याच्या आतल्या भिंतीशी गेलो, काचेपासून आणि लोखंडी कठड्यापासून लांब. बाहेर गारा, उडणारे पत्रे. वीज चमकली की आई गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायची; त्याला तिनाने भागलं की साधारण किलोमीटर कळतात. मोबाइलवर 'दामिनी' उघडलं. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं हे ॲप आसपास वीज कुठे पडतेय ते दाखवतं. प्रत्येकाने ते घ्यावंच.

पाऊस थांबताच आई निघायची घाई करू लागली. मी तिला बसवून ठेवलं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही, यावर मी ठाम आहे.

निघालो तर गल्लीच्या तोंडाशी फांदीखाली तुटलेली तार, टोक साचलेल्या पाण्यात. तार मेलेली आहे असं कधीच धरू नये. लांबच स्कूटर आडवी लावली, महावितरणच्या १९१२ वर फोन केला. एक मुलगा सायकल रेटत आला, तर आई ओरडलीच, "बाळा, मागे हो! दुसरीकडून जा!" कर्मचारी येऊन त्यांनी लाइन बंद केल्याचं सांगेपर्यंत ती तिथून हलली नाही.