नावडतीचं मीठ अळणी आणि माझी नावडती पुस्तकं

आम्ही पाचसहा जण आहोत, काही मैत्रिणी, एक मामेभाऊ, एक जण तर नुसता ओळखीतला होता तो आता पक्का आमच्यातला झालाय, आणि आमचा एकच नियम आहे, की भेटलो की प्रत्येकाने दोन पुस्तकांची नावं घ्यायची, एक जीव की प्राण असलेलं आणि एक अजिबात न आवडलेलं, आणि दोन्हीचं कारण द्यायचं. कारण पुस्तकातलंच हवं. "बोअर झालं" चालत नाही, "भारी आहे, वाचच" पण चालत नाही.

सुरुवातीला काय व्हायचं, की आवडत्या पुस्तकांवर सगळे तासभर बोलायचे आणि नावडत्याची पाळी आली की एकदम शांतता. कुणी तरी हळूच असं पुस्तक सांगायचं जे बाकी कुणी वाचलेलंच नाही, म्हणजे वाद नको. मला हे खटकायला लागलं, कारण आवडत्या पुस्तकांच्या याद्या बघा, सगळ्यांच्या जवळपास सारख्याच असतात, तीच दहाबारा नावं फिरून फिरून येतात, त्यावरून समोरचा माणूस कसा वाचतो ते काहीच कळत नाही. नावडतं पुस्तक सांगताना मात्र माणूस वाचक म्हणून पूर्ण उघडा पडतो, त्याला भाषा खुपते की गोष्ट खुपते की लेखकाचा उपदेश खुपतो, सगळं बाहेर येतं. म्हणून एकदा मीच ठरवलं की आज खरं सांगायचं, आणि म्हटलं, मला मृत्युंजय आवडत नाही.

मामेभावाचा चेहरा असा झाला की मी त्याच्या घरच्या माणसाबद्दल काही बोललेय.

माझं कारण हे होतं. १९६७ साली आलेली ही कादंबरी, शिवाजी सावंतांनी तिची रचना फार धाडसाने केलीय, एकट्या कर्णाने गोष्ट सांगायची असं नाही तर कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि शेवटी श्रीकृष्ण, असे सहा जण आपापल्या तोंडाने बोलतात. आता सहा जण बोलणार म्हटल्यावर माझी अपेक्षा की सहा आवाज ऐकू येतील. कुंती राजकन्या, शोण सारथ्याच्या घरातला, दुर्योधन आतून जळणारा, ही माणसं एकसारखी कशी बोलतील? पण मला सगळे एकाच भरजरी मराठीत बोलताना ऐकू आले, तशाच उपमा, तसेच स्वतःलाच विचारलेले प्रश्न. मधलं कुठलंही पान उघडायचं आणि वरचं नाव झाकून ओळखायचं कोण बोलतंय, हा खेळ मी करून बघितला, दर वेळी मला घटनेवरून ओळखावं लागलं, बोलण्यावरून नाही. आणि ज्या कादंबरीचा सगळा डोलाराच आवाजांवर उभा आहे तिथे ही गोष्ट मला छोटी वाटत नाही.

मामेभाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, मी ते पंधराव्या वर्षी वाचलं, मला आवाज ऐकूच आला नव्हता, मला फक्त तो रंगमंडपात उभा दिसत होता." म्हणजे तो प्रसंग, जिथे कर्ण अर्जुनाच्या तोडीचं सगळं करून दाखवतो आणि त्याला विचारतात तुझं कुळ कोणतं. त्या वर्षी त्याला एका टीममधून काढलं होतं, तो इतरांपेक्षा कमी होता म्हणून नाही, वेगळ्याच कारणाने, ते कारण त्याने आजवर घरात कुणाला सांगितलं नव्हतं आणि आम्हालाही नीट सांगितलं नाही. फक्त म्हणाला की त्या दिवसांत अंगात लायकी असून दाराबाहेर उभा राहिलेला दुसरा कुणी तरी त्याला पुस्तकात भेटला, आणि ते पुस्तक उशाशी घेऊन तो कितीतरी दिवस झोपलाय.

मी मृत्युंजय परत वाचलं. खरं सांगते, माझं मत बदललं नाही, आवाज मला अजूनही एकच ऐकू येतो. पण रंगमंडपाचा भाग वाचताना मी दोनदा थांबले, आणि हे पण लक्षात आलं की पहिल्या वाचनात ही पानं मी पळवली होती, कारण तोपर्यंत पुस्तकावर राग धरून झाला होता. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ना, ते पुस्तकाला तंतोतंत लागू पडतं. एकदा मन उठलं की चांगलं वाक्य पण फिकं लागतं, आणि हे होतंय ते वाचताना कळत नाही, फार नंतर कळतं, कळलं तर.

आता त्याचं नावडतं ऐका. रणांगण! माझं जीव की प्राण असलेलं पुस्तक. त्याचं म्हणणं, एक बोट आहे, त्यावर थोडी माणसं आहेत, एक मुलगा एक मुलगी, थोडे दिवस, त्यात होतं काय? प्रेम इतक्या पटकन होतं का? आणि नायक सगळ्या जगावर चिडलेला, त्याच्याबद्दल मला का वाटावं काही?

मी त्याला जे सांगितलं ते इथे पण सांगते कारण या पुस्तकाबद्दल मी कितीही बोलू शकते. विश्राम बेडेकरांचं हे पुस्तक आलं १९३९ साली. हे साल विसरायचं नाही. इंग्लंडहून परत निघालेला चक्रधर विध्वंस आणि हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेली हॅर्टा, ज्यू, बोटीवर तिच्यासारखीच देश गमावलेली माणसं. त्याचं बंदर ठरलेलं आहे, तो उतरणार. तिला पुढे जायचंय आणि पुढे काय आहे ते कुणालाच माहीत नाही. आता विचार करा, युद्धाला तोंड फुटलं ते त्याच वर्षी, सप्टेंबरात. ज्यूंचं पुढे काय झालं ते आपल्याला माहिती आहे, लिहिणाऱ्याला माहीत असणं शक्यच नव्हतं, आणि तरी त्या बोटीवरच्या हवेत ते सगळं भरून राहिलंय. आज युद्धावर लिहिलेली कादंबरी वाचताना लेखकाला शेवट माहीत असतो आणि ते त्याच्या प्रत्येक वाक्यात जाणवतं. इथे नाही. इथे माणसं हसतात, नाचतात, चिडतात, एकमेकांवर संशय घेतात, आणि वाचणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो कारण आपण त्यांच्यापेक्षा जास्त जाणतो. प्रेम पटकन होतं कारण त्यांच्याकडे वेळच तेवढा आहे, बोटीचे दिवस मोजलेले. आणि हे सगळं किती कमी पानांत! शेवट सांगत नाही, कुणी वाचलं नसेल तर मला ते पाप नको.

त्याने पण परत वाचलं. म्हणाला नायक मला अजूनही सहन होत नाही, पण सालाचं जे सांगितलंस ते डोक्यातून जात नाहीये. मला तेवढं पुष्कळ झालं.

कोसलाचं वेगळंच. माझ्या नावडत्या यादीत ते कितीतरी वर्षं एक नंबरला होतं. कॉलेजात सगळे त्याच्या नायकासारखं, त्या पांडुरंग सांगवीकरासारखं बोलायचे, प्रत्येक वाक्यात उदाहरणार्थ आणि वगैरे, आणि मला ते ऐकून इतका वीट आला होता की पुस्तक वाचलं ते वीट घेऊनच. चाळीसेक पानांत बंद केलं. भालचंद्र नेमाड्यांनी हे लिहिलं तेव्हा ते स्वतः जेमतेम पंचविशीत होते, १९६३ साली, आणि मला तेव्हा वाटायचं की पंचविशीतल्या माणसाची नुसती कटकट आहे ही. मग पुष्कळ वर्षांनी, आमच्या गटातल्या एका मैत्रिणीने विचारलं, "मनीपर्यंत पोचलीस का?" मी नव्हते पोचले. मनी म्हणजे पांडुरंगाची धाकटी बहीण, ती देवीच्या रोगाने जाते. मी ती पानं वाचली आणि मला उठता येईना. ज्या मुलाने जगातल्या प्रत्येक गोष्टीला वगैरे लावून ती झटकून टाकली त्याला ही एक गोष्ट झटकता येत नाही, आणि तेव्हा कळतं की ते वगैरे कशासाठी होतं, का तो कुठलंच वाक्य पूर्ण खरेपणाने संपवत नव्हता. मग पहिल्यापासून वाचलं, आणि तीच वाक्यं जी मला कटकट वाटली होती ती आता वेगळीच ऐकू यायला लागली. म्हणजे पुस्तकात तर एक अक्षर बदललं नव्हतं.

पण याचा अर्थ असा नाही की प्रत्येक नावडतं पुस्तक पूर्ण वाचायलाच हवं, हे मी ठामपणे सांगते. डॅनियल पेनाक नावाच्या फ्रेंच लेखकाने १९९२ साली वाचकाचे दहा हक्क लिहून काढले, त्यात पानं गाळायचा हक्क आहे आणि पुस्तक अर्धं सोडायचा पण आहे. आमच्यात एक जण आहे जी सुरू केलेलं संपवतेच, कितीही जड जाऊ दे, आणि ती दर वर्षी कमीच पुस्तकं वाचते, कारण एक नको असलेलं पुस्तक तिचे दोन दोन महिने खातं. मी सोडते. फक्त सोडलं तर सोडलं म्हणून सांगायचं, पूर्ण वाचल्यासारखं मत द्यायचं नाही, एवढं पाळते. कोसलाच्या बाबतीत मी हे पाळलं नव्हतं, चाळीस पानांवर कितीतरी वर्षं मत दिलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि मोठमोठ्या लोकांचं पण एकमेकांशी पटत नाही हे ऐकून मला फार धीर आला होता. टॉलस्टॉयला शेक्सपिअर आवडायचा नाही! नुसतं तोंडी नाही, १९०६ मध्ये त्यावर मोठा निबंध छापलाय, किंग लिअर हे म्हातारपणी राज्य वाटून टाकणाऱ्या राजाचं नाटक घेऊन एकेक प्रवेश सोलून काढलाय, आणि हे सगळं कितीतरी वेळा, वेगवेगळ्या भाषांमधून परत परत वाचून. मग १९४७ मध्ये जॉर्ज ऑरवेल या इंग्रज लेखकाने त्यावर उत्तर लिहिलं की बाबा, तुला नेमका लिअरच का सहन होत नाही, तू स्वतः म्हातारपणी सगळं सोडून निघालेला माणूस, ती तुझीच तर गोष्ट आहे. हे वाचल्यापासून मी माझ्या नावडत्या पुस्तकांकडे जरा जपून बघते.

आता आवडत्यातलं एकच सांगते नाही तर हे संपायचं नाही. स्मृतिचित्रे. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, १९३४ पासून भागाभागाने आलेलं. मला हे का आवडतं तर त्यात स्वतःला मोठं करणं कुठेच नाही. नवरा, नारायण वामन टिळक, कवी, लहरी, मनात आलं की घर सोडून निघून जाणारा, मग एक दिवस धर्म बदलून ख्रिस्ती होतो, ही बाई एका पोराला घेऊन मागे राहते, काही वर्षांनी स्वतःच्या बुद्धीने विचार करून त्याच्याकडे जाते. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर रडगाणं झालं असतं किंवा पोवाडा. लक्ष्मीबाई सांगतात ते समोर बसून सांगावं तसं, भांडणं पण सांगतात आणि त्या भांडणात स्वतःची चूक पण, आणि रडवेल अशा जागी एक साधंसं वाक्य टाकून पुढे निघून जातात. आपण मागेच थांबलेलो असतो. सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही बाई, जातपात माणसांनी केली, देवाने नाही, हे तिला ज्या क्षणी उमगतं तो भाग मी किती जणांना मोठ्याने वाचून दाखवलाय.

आणि तरी सांगते, आमच्यातल्या एकीला हे आवडलं नाही. तिचं म्हणणं, टिळकांवर राग येऊन येऊन मला पुढे वाचवेना, आणि लक्ष्मीबाई त्यांना एवढं समजून का घेतात ते मला पटलंच नाही. मी वाद घातला, पण घरी आल्यावर तिच्या डोळ्यांनी दोन प्रकरणं वाचली आणि खरंच, राग येण्यासारखं खूप आहे तिथे, मी लक्ष्मीबाईंच्या प्रेमात ते सोडून देत होते. म्हणजे आवडतीचं मीठ पण तपासून बघायला हवं.

ययाती अजून राहिलंय. खांडेकरांचं, १९५९ चं, खूप जणांच्या लाडक्या यादीत असलेलं, आणि माझ्या नावडत्यातलं, कारण मला तिथे माणसं कमी आणि सुविचार जास्त भेटले, प्रत्येक पानावर वहीत उतरवून घ्यावं असं एक वाक्य, आणि दहा पानांनी मी वाक्यांना कंटाळले. पण मी शर्मिष्ठेच्या तोंडून आलेल्या भागापर्यंत नीट पोचले नव्हते हे कबूल करते, मधली पानं भराभर उलटली होती. गटातली जी मैत्रीण मला "मनीपर्यंत पोचलीस का" म्हणाली होती तिनेच परवा विचारलं, "शर्मिष्ठा वाचलीस का नीट?" म्हणून काल पुस्तक परत खाली काढलंय. तीस पानं झालीत, एकही गाळलेलं नाही.

तुमचं नावडतं पण सांगा, आणि कारण पुस्तकातलं द्या.