पाऊस शुक्रवारी येणार होता

ब्रिटिश कोलंबियातल्या फ्रेझर खोऱ्यात गांजाचं पीक उघड्यावर घेणं हा मुळात हट्टच. उन्हाळा छान कोरडा जातो, पण सप्टेंबर सरता सरता पॅसिफिकवरून ढगांची रांग लागते आणि नेमकं तेव्हाच पीक भरायला आलेलं असतं. हे झाड दिवसाच्या लांबीवर चालतं. 49 अक्षांशावर जूनमध्ये सोळा तासांचा दिवस असतो. तो आखडत ऑगस्टमध्ये चौदा-साडेचौदा तासांवर आला की फुलोरा सुरू. त्यात लवकर येणाऱ्या संकरित वाणाचेही आठ आठवडे मिळवले, तर हिशेब थेट पावसात जातो.

मी राहुरीला कृषी शिकलो, मग निफाड-पिंपळगाव पट्ट्यात द्राक्षबागांना सल्ला देत हिंडलो. आता ॲबट्सफर्डजवळ एका परवानाधारक फार्मवर गुणवत्तेचं काम बघतो. माल बाहेर पडण्याआधी माझी सही लागते. कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून हे सगळं कायद्याने चालतं. तरी आई नातेवाइकांना 'औषधी वनस्पती' एवढंच सांगते. खोटं तरी कुठे आहे म्हणा.

मालक पंजाबी, घरची ब्लूबेरीची शेती. आम्ही सगळे त्यांना पाजी म्हणतो. त्या हंगामात दोन संकर होते. तीन नंबरच्या प्लॉटात अफगाणी वळणाचा बुटका वाण होता, रुंद पानांचा, बड म्हणजे फुलांचे गोंडे मुठीएवढे आणि दगडासारखे घट्ट. पाच नंबरला उंच, अरुंद पानांचा, सुट्या तुऱ्यांचा. तो उशिराचा, त्याला अजून दोन-तीन आठवडे हवे होते. पाजींचा जीव अर्थातच तीन नंबरवर. येणाऱ्या-जाणाऱ्याला तोच दाखवायचे.

सप्टेंबरअखेरचा बुधवार. रात्री पारा नऊवर उतरलेला, सकाळी धुकं, अकरा वाजले तरी पानांवरचं दव हटेना. हवामानाचा अंदाज स्पष्ट होता: शुक्रवार रात्रीपासून तीन दिवस संततधार. आणि वाळवणीच्या खोलीत निम्म्याहून थोडाच अधिक माल मावणार होता. मग आधी कापायचं काय?

पाजींचं मत तयार होतं. "तीन नंबर अजून भरतोय. आठवडाभरात वजन वाढेल. उंचवाला पावसात लोळेल, तो आधी काढ."

मी भिंग घेऊन तीन नंबरमध्ये शिरलो. बडावरच्या राळेच्या ग्रंथी बहुतेक दुधाळ, म्हणजे पक्व झाल्या होत्या, थोड्या अजून काचेसारख्या, म्हणजे कच्च्या. म्हणजे पाजी म्हणत होते ते अगदीच चूक नव्हतं. पण तिसऱ्या ओळीत एका बडामधून डोकावणारं एकच पान तपकिरी दिसलं. आजूबाजूला सगळं हिरवंगार, चकचकीत. ते पान चिमटीत धरलं आणि जरासं ओढलं, तर लोण्यातून केस निघावा तसं अलगद हातात आलं. निरोगी पान असं सुटत नाही. बड मधोमध चिरला. आतला देठ मऊ, काळपट, त्याभोवती राखाडी लव. बोटाच्या धक्क्याने धुरासारखी भुकटी उडाली.

बोट्रायटिस. द्राक्षात घडकूज करणारी तीच बुरशी. पंधरा-वीस अंश तापमान आणि न वाळणारा ओलावा मिळाला की ती आतून खात सुटते, बाहेर कळतं तेव्हा आतलं गेलेलं असतं. द्राक्षात आपण घडांची विरळणी करतो ती वारा आत शिरावा म्हणूनही. गांजात विरळणी कुणी करत नाही, कारण दाट बड हीच बाजारातली ऐट.

एका कामगाराने फवारणीचं विचारलं. या अवस्थेत फुलांवर फवारणार काय? निफाडला द्राक्षावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी दिसली की हात सरळ मायक्लोब्युटॅनिल या बुरशीनाशकाकडे जायचा. इथे त्याच औषधापायी 2016-17 मध्ये वैद्यकीय गांजाचा माल बाजारातून परत बोलवावा लागला होता. द्राक्ष खातात, गांजा जाळून ओढतात, आणि मायक्लोब्युटॅनिल तापलं की हायड्रोजन सायनाइड सुटतो. 2019 पासून इथे कीड-बुरशीनाशकांच्या अंशांची चाचणी सक्तीची आहे. पोटॅशियम बायकार्बोनेट, बॅसिलस जिवाणूंची जैविक औषधं वगैरे चालतात, पण बडाच्या पोटातल्या कुजीला त्यांचा काही उपयोग नाही.

मी चिरलेला बड घेऊन पाजींकडे गेलो. "पाजी, हा बाहेरून बघा. आता आतून बघा."

त्यांनी तो उलटापालटा केला, वास घेतला, तोंड वाकडं केलं. ब्लूबेरीवाल्याला ही बुरशी ओळखायला शिकवावं लागत नाही. तरी वजनाचा मोह सुटेना. "किती झाडांत आहे?"

"आज थोड्या. सोमवारी विचारू नका."

मग हुकूम फिरला. दव ओसरल्यावर दुपारपासून तीन नंबर कापायला घेतला आणि गुरुवारी डोक्याला दिवे बांधून रात्रीपर्यंत कापला. कुजलेला भाग निरोगी देठापर्यंत खाली छाटायचा, न झटकता तिथल्या तिथे पिशवीत टाकायचा, कात्री अल्कोहोलने पुसायची. खोलीत फांद्या दाटीने टांगायला मी साफ मनाई केली. शेतातली दाटी आत नेऊन काय मिळवायचं? सोळा अंश, पंचावन्न टक्के आर्द्रता, पंखे सतत चालू. त्यामुळे तीन नंबरच्या शेवटच्या दोन ओळी उभ्याच राहिल्या. त्यावरून पाजींशी शब्दाला शब्द झाला.

पाऊस सांगितल्या वेळेला आला. सोमवारी उघडीप मिळताच आधी पाच नंबरला गेलो. झाडं वाकली होती, काही फांद्या मोडल्या होत्या, पण झाड हलवलं की पाणी गळून जात होतं. कूज सापडली ती जिथे अळीने देठ पोखरला होता तिथेच. मागे ठेवलेल्या दोन ओळींत मात्र धड बड शोधावा लागला. पाजींनी स्वतः एक मोडून पाहिला, आणि दुसरा मोडला नाही.

तो सगळा माल कंपोस्टमध्ये घालायचा म्हणजेही सोपं नव्हतं. आधी वजन, मग दोन साक्षीदारांसमोर दळून मातीत असा मिसळायचा की कुणाला वापरता येऊ नये, मग नोंदी. सडक्या गांजाची एवढी कागदपत्रं निघाली की निफाडमध्ये सांगून पटणार नाही. खोलीतला माल बुरशीच्या चाचणीत पास झाला, त्यावर मी सही केली. थोडा लवकर कापल्याने वजनात घट आली, ती पाजी अजून ऐकवतात.

पुढच्या हंगामाची रोपं ठरवताना मी तीन नंबर बंदच करा म्हटलं. त्यांना ते मान्य नव्हतं. मग नाशिककडे द्राक्षांवर घालतात तसं प्लास्टिकचं आच्छादन, बाजू उघड्या ठेवून, असा तोडगा काढला. मी पिंपळगावच्या एका बागायतदाराला फोन लावून एकरी खर्च विचारला. इथली मजुरी धरून आकडा पाजींपुढे ठेवला तर ते म्हणाले, "एवढ्यात ब्लूबेरी नाही का लावणार?" लावली नाही. चार ओळींवर आच्छादन घातलं आणि उरलेलं रान पाच नंबरला दिलं.