एक जुलैची माणसं

जुलैची पहिली तारीख उजाडली की माझा मोबाईल बावचळतो. गावाच्या ग्रुपवर पहाटेपासून केक, फुगे, डरकाळी फोडणारे वाघ आणि ‘भाऊंना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा’. यंदा दुपारी जेवून छपरीत बाजेवर आडवा झालो होतो. पाऊस तोंड दाखवून गेलेला, सरकी टोबून झालेली, आता आभाळाकडे पाहण्याखेरीज काम नाही. म्हटलं, आज नेमके वाढदिवस कोणाकोणाचे ते तरी पाहू. सरपंच, किराणा दुकानवाले काका, माझा चुलतभाऊ, त्याची बायको, बायकोचा भाऊ. बांधावरून ज्यांची केस अजून सुरू आहे ते दोघे शेजारी. आणि अर्थात मी.

पेपर हातात आला की आधी दिनविशेषाची चौकट वाचायची, मग बाकीचा पेपर, ही माझी जुनी खोड. शाळेत परिपाठाला दिनविशेष सांगायचं काम माझ्याकडे होतं, तेव्हापासूनची. त्यातही एक जुलैची चौकट मला तोंडपाठ आहे, सातबारा आपल्या नावावर असल्यासारखी. १६४६ साली जर्मनीत गणितज्ञ लाइबनिट्स जन्मला. १९३८ साली हरिप्रसाद चौरसिया. १९५५ साली स्टेट बँक सुरू झाली, १९७९ साली जपानात वॉकमन विकायला आला, २०१७ साली जीएसटी. डॉ. बिधानचंद्र रॉय १८८२ च्या एक जुलैला जन्मले आणि १९६२ च्या एक जुलैलाच गेले, म्हणून हा डॉक्टर दिन. शिवाय या तारखेला आंतरराष्ट्रीय विनोद दिनही असतो म्हणे. तो कोणी ठरवला देव जाणे, पण तारीख बरोबर धरली.

यातली माझी सगळ्यात लाडकी नोंद १८५८ ची. लंडनच्या लिनियन सोसायटीत त्या दिवशी डार्विन आणि वॉलेस यांचं उत्क्रांतीवरचं लिखाण वाचून दाखवलं गेलं. दोघांपैकी एकही सभेला हजर नव्हता. वॉलेस तिकडे मलाय द्वीपसमूहात, आणि डार्विनचं तान्हं पोरगं तीनच दिवसांपूर्वी गेलेलं. ऐकणाऱ्यांनी ऐकून घेतलं आणि घरी गेले. पुढच्या वर्षी सोसायटीच्या अध्यक्षांनी आढावा घेताना सांगून टाकलं की सरलेल्या वर्षात विज्ञानाला कलाटणी देणारा असा काही शोध लागला नाही. दिनविशेष लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य टेबलाच्या काचेखाली ठेवावं.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात मात्र एक जुलै म्हणजे वसंतराव नाईक. पुसद तालुक्यातलं गहुली हे त्यांचं गाव, जन्म १९१३ चा. सलग ११ वर्षांहून जास्त मुख्यमंत्री राहिलेला माणूस, त्यांच्या जयंतीला राज्यभर कृषी दिन असतो. पंचायत समितीत मांडव पडतो, प्रगतिशील शेतकऱ्याला शाल आणि नारळ मिळतो, फोटो निघतो. फक्त एक अडचण आहे. एक जुलैला ज्या शेतकऱ्याला खुर्चीवर बसून भाषण ऐकायची सवड आहे, त्याची पेरणी एक तर आटोपलेली असते, नाही तर साधलेली नसते. दुसऱ्या प्रकारचे पुढच्या रांगेत बसत नाहीत.

आता मूळ मुद्दा, जो आमच्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. एवढी माणसं एकाच दिवशी जन्मली कशी? जन्मली नाहीत. लिहिली गेली.

मला शाळेत टाकायला आबाजी, म्हणजे माझे आजोबा, घेऊन गेले होते. टिनाची शाळा, वर पाऊस वाजत होता, त्यामुळे गुरुजी आणि आबाजी दोघेही ओरडून बोलत होते. आबाजींचं धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. गुरुजींनी टेबलावर ते लांबलचक दाखलखारीज रजिस्टर उघडलं, टाकाचं टोक शाईत बुडवलं आणि विचारलं, “पोराची तारीख सांगा.”

आबाजी म्हणाले, “आता तारीख कोठून सांगू जी? कापसात झाला हा. सीतादही होऊन आठ-पंधरा दिस झाले असतीन.” सीतादही म्हणजे कापूस वेचायला लागताना शेतात करतात ती पूजा.

“कोणतं साल?”

“बह्याड बैल मेला, त्याच्या दुसऱ्या वर्षी.”

गुरुजींनी मला जवळ बोलावलं. उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावला. बोटांची टोकं कानाच्या पाळीला लागली न लागली, पण गुरुजींनी ‘लागला’ असं जाहीर केलं, कारण पटसंख्या त्यांनाही भरायची होती. मग त्यांनी मनातल्या मनात सहा वजा केले आणि लिहिलं. एक जुलै. माझ्या वरच्या ओळीतही एक जुलै होती, तिच्यावरही एक जुलै, आणि तिच्याही वर फक्त ‘सदर’च्या दोन रेघा ओढलेल्या. रेघा ओढल्या त्या बंडूचं आजही माझ्याइतकंच वय आहे.

एक जुलैच का, याचं कारण सरळ आहे. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा, जून संपता संपता उघडतात. त्या दिवशी पोरगं सहा पूर्ण झालेलं दाखवलं की वजाबाकी सोपी, वरचे महिने-दिवस मोजायची कटकट नाही. तिकडे पुण्या-साताऱ्याच्या बाजूला एक जूनवाले जास्त भेटतात, कारण त्यांची शाळा आधी भरते, असं आपलं माझं मत. शाळेची पायरीच न चढलेल्या आमच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना पुढे आधार कार्ड काढताना एक जानेवारी मिळाली. जवळ कागद नाही, वय अंदाजे, मग वर्ष टाकलं की पुढचं मशीन भरतं. त्यामुळे आमच्या गावात जन्मतारखेवरून माणूस शिकला की नाही हे कळतं. आईची एक जानेवारी, माझी एक जुलै. दोघांच्या मध्ये बरोबर अर्धं वर्ष आणि चार इयत्ता.

या तारखेने काहींचं नुकसानही केलं. माझे भाटवे, म्हणजे बहिणीचे यजमान, सरकारी नोकरीत होते. नियम असा की महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे एक जुलैवाला ३० जूनला घरी. आणि सहाव्या वेतन आयोगापासून वार्षिक वेतनवाढीची तारीख ठरली ती १ जुलै! वर्षभर राबला, वाढ उद्या लागणार आणि हा आज हार घालून, स्टीलचा डबा घेऊन घरी. पुढे २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वेतनवाढ ही सरलेल्या वर्षाच्या कामाची असते, ती अशा माणसांना द्यायला हवी. तोवर भाटव्यांनी गुरुजींचा उद्धार करून करून घसा बसवून घेतला होता. “मास्तरनं दोन तारीख लिवली असती तं त्याच्या बापाचं काय जात होतं? एक आकडा! एका आकड्यानं ३१ जुलैलोक नोकरी झाली असती, वाढही भेटली असती.” गुरुजी केव्हाच वारले होते. त्यांची स्वतःची जन्मतारीखही एक जुलैच होती, हे भाटव्यांना कोणी सांगितलं नाही.

आणि ही काही फक्त आमच्या खेड्यातली गोष्ट नाही. कल्पना चावला जन्मली १७ मार्च १९६२ ला, पण मॅट्रिकला बसता यावं म्हणून कागदावर झाली १ जुलै १९६१. नासाच्या माहितीतही तीच तारीख गेली. आमची तारीख दोनदा अंतराळात गेली, दुसऱ्यांदा मात्र परतली नाही. आणि बरोबर त्याच दिवशी, १ जुलै १९६१ ला, इंग्लंडात डायना जन्मली. तिची तारीख खरी. राजवाड्याशी संबंध येणाऱ्या घरात असली कामं वेळच्या वेळी होत असावीत.

पुतण्याच्या जात पडताळणीसाठी मागे तहसीलच्या रेकॉर्डरूमला खेटे घातले होते. जुने जन्म-मृत्यूचे कागद, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, ते तिथे असतं. आजोबांची नोंद शोधताना बोट पुढे पुढे गेलं आणि एका पिवळ्या पानावर वडिलांचं नाव दिसलं. समोर ‘मुलगा’. तारीख १९ नोव्हेंबर. कोतवाल बुकात तारीख असते पण लेकराचं नाव नसतं, कारण बारसं व्हायचं असतं. शाळेत नाव असतं, तारीख नसते. दोन्ही कागद समोरासमोर ठेवले तर एक माणूस पुरा होतो.

मी खूश. ताबडतोब चौकट आठवली. १९ नोव्हेंबर, झाशीच्या राणीची जयंती, इंदिरा गांधींचा जन्म. त्याच दिवशी जागतिक शौचालय दिनही असतो, पण तो सोडून देता आला असता. कापसाचे दिवस, सीतादहीच्या मागचे, आबाजींचा हिशेब तंतोतंत जुळत होता. फक्त साल शाळेतल्यापेक्षा दोनने मागे होतं. म्हटलं, गुरुजींनी कानाच्या हिशेबाने दोन वर्षं खाल्ली असतील.

घरी येऊन आईला सांगितलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, “तुयाआधी एक झालता नं. सव्वा महिन्याचा होऊन गेला.”

हे मला माहीत होतं, म्हणजे ऐकून होतो. पण त्या पानावर त्याला कधी धरलं नव्हतं.

“मंग हे तारीख त्याची की माही?”

“काय मालूम बापा. तू बी कापसातला अन् तो बी कापसातलाच. तवा तारीख कोन पाहे?”

पुन्हा जाऊन पुढच्या दोन वर्षांची पानं शोधली. त्या सालाला वाळवी लागलेली. मग मी विषय सोडला. १९ नोव्हेंबर मी अजून कोणाला माझी म्हणून सांगितलेली नाही.

आता हे सगळं संपत चाललंय. बाळंतपणं दवाखान्यात होतात, तास-मिनिटासकट नोंद होते. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेपासून नोकरीपर्यंत जन्माचा दाखलाच लागणार, असा कायदा झालाय. टाकाची शाई, कान धरणं, वजा सहा, सगळं बंद. आणखी पन्नासेक वर्षांनी एक जुलैला गावाच्या ग्रुपवर फार तर एखादा केक दिसेल.

गंमत म्हणजे मागल्या साली चुलतभावाला नातू झाला तो नेमका एक जुलैला. ग्रामीण रुग्णालयात, सकाळी १० वाजून २० मिनिटांनी, अडीच किलो. पेढे वाटत भाऊ आला तेव्हा चेहरा पडलेला. विचारलं, काय झालं, तब्येत बरी आहे ना दोघांची? तर म्हणाला, “तब्येत मस्त आहे रे. पण तारीख पाह्य ना. लोकायले खरी वाटन का? म्हनतीन, यायनं अजूनही मास्तरच्याच हातानं लिवून आनली.”

डॉक्टरांना दोन तारीख टाका म्हणून तो विनवून आला होता. डॉक्टर हसले म्हणे. तो डॉक्टर दिन होता, मूड चांगला असेल.