एका पेढीचे तीन पासपोर्ट

युगांडातील भारतीयांच्या हकालपट्टीचा विषय निघाला की आपल्याकडचे बोलणे तेथील तेव्हाचा हुकूमशहा इदी अमीन याच्या क्रौर्यापाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. ऑगस्ट १९७२ मध्ये त्याने ९० दिवसांची मुदत दिली आणि थाटलेली दुकाने, कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या जिनिंग गिरण्या व घरे मागे ठेवून हजारो कुटुंबे जुजबी रक्कम घेऊन विमानात बसली. तो अन्याय होता, याबद्दल वादच नाही. मला मात्र त्याआधीची दहा वर्षे अधिक विचार करायला लावतात.

१९६२ साली युगांडा स्वतंत्र झाल्यावर तेथील भारतीयांना नागरिकत्व निवडण्यासाठी दोन वर्षांचा अवधी मिळाला. अनेक व्यापारी कुटुंबांनी हा निर्णय भांडवल गुंतवावे तसा, जोखीम वाटून घेतला: एका भावाने युगांडाचे नागरिकत्व घ्यायचे, म्हणजे परवाना त्याच्या नावावर राहील, दुसऱ्याने ब्रिटिश पासपोर्ट सांभाळायचा, घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याने भारताचा ठेवायचा. याला लबाडी म्हणणे सोपे आहे, पण मला ते पटत नाही. ‘तुम्ही आमचे’ असे ज्याला कोणीच कधी म्हटले नाही, त्याने सगळे एकाच देशाच्या हवाली करावे, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. तरीही शेजारच्या आफ्रिकी माणसाने त्या तीन पासपोर्टांवरून काय निष्कर्ष काढला असेल, हेही समजण्यासारखे आहे.

या पेढ्या वाढल्या त्या नात्यांच्या बळावर. गुजरातमधील एखाद्या गावातून मुलगा यायचा, काकाच्या किंवा मामाच्या दुकानात काही वर्षे राबायचा आणि मग त्याच्याच उधारीवर पुढच्या वस्तीत स्वतःचे दुकान टाकायचा. राहणे दुकानामागेच, बायको आणि मुले गल्ल्यापाशी उभी राहत, पण त्यांच्या कष्टांचा पगार कोणत्याही चोपडीत लिहिला जात नसे. उधारी आणि विश्वास जातीच्या व नात्याच्या वाटेने फिरत असल्यामुळे आफ्रिकी माणूस या व्यवस्थेत गिऱ्हाईक होता, हमाल होता, घरगडी होता. भागीदार मात्र क्वचितच झाला. सोयरिकीचा तर प्रश्नच नव्हता.

ही उतरंड एकट्या व्यापाऱ्यांनी रचली नव्हती. वर इंग्रज अधिकारी, मध्ये भारतीय व्यापारी आणि गोव्याहून गेलेले कारकून व शिंपी, खाली कापूस पिकवणारा आफ्रिकी शेतकरी, अशी वसाहतीची मांडणीच होती, आणि परवान्यांच्या नियमांनी ती टिकवून धरली. लुगाझीचा मेहतांचा आणि काकिराचा माधवानींचा साखर कारखाना याच व्यवस्थेत उभा राहिला. आपल्या कापसाचे जिनिंग आपणच करू द्या, ही युगांडातल्याच बुगांडा या राज्यातील १९४९ च्या दंगलीमागची एक प्रमुख मागणी होती. १९५९ मध्ये तेथे आशियाई दुकानांवर बहिष्कारही पडला. इशारे पुरेसे होते, पण चालणारा धंदा माणसाला इशारे ऐकू देत नाही.

१९७२ मध्ये पासपोर्टांची ती काळजीपूर्वक वाटणी फारशी कामाला आली नाही, कारण ज्यांनी नागरिकत्व घेतले होते त्यांच्यापैकीही अनेकांची कागदपत्रे अमान्य ठरवण्यात आली. शेवटी मोजला गेला तो वंश. सुमारे २८,००० लोक ब्रिटनला गेले. ‘लेस्टरला येऊ नका’ अशी जाहिरात त्या शहराच्या नगरपालिकेने युगांडातील वर्तमानपत्रात दिली होती, तरी पुष्कळ जण तेथेच स्थिरावले. तेथे पुन्हा कोपऱ्यावरचे दुकान, पुन्हा रात्री उशिरापर्यंत उघडा गल्ला, पुन्हा घरादाराचे बिनपगारी कष्ट. जी रीत युगांडाच्या राजधानीत, कंपालात, परकेपणाची खूण ठरली होती, तिचेच ब्रिटनमध्ये पुढे उद्यमशीलता म्हणून कौतुक झाले. याचे कारण मला साधे वाटते: लेस्टरच्या गिऱ्हाइकाला, युगांडातील शेतकऱ्यासारखे, आपले पीक विकण्यासाठी या दुकानदाराच्या दारी जावे लागत नव्हते.

पुढे अध्यक्ष मुसेवेनींच्या सरकारने जप्त मालमत्ता परत केल्या आणि काही कुटुंबे युगांडात परतली. मेहता आणि माधवानी यांचे साखर कारखाने पुन्हा उभे राहिले. मग २००७ मध्ये माबिरा जंगलाचा एक भाग मेहतांच्या कारखान्याला उसासाठी देण्याचा प्रस्ताव आला. एप्रिलमध्ये त्याविरुद्ध कंपालात निघालेला मोर्चा हिंसक झाला, भारतीयांच्या दुकानांवर हल्ले झाले आणि एका भारतीयाचा जमावाने जीव घेतला. मागणी जंगल वाचवण्याची होती, आणि ती रास्तही होती. पण रस्त्यावर माणसे निवडली गेली ती चेहऱ्यावरून.